हळू बोलणाऱ्या वाद्याची संगत

मुलाने किंवा मुलीने गिटारचा हट्ट धरावा आणि वडिलांनी दुकान बंद करून घरी येताना ती घेऊन यावी, हे शहरांतील व्यापारी घरांना आता नवे राहिलेले नाही. मात्र गिटार म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चित्रपटगीताची साथ किंवा महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन उभे राहते. हिंदुस्थानी संगीताच्या रसिकांना पंडित ब्रिजभूषण काब्रा आठवतात. गिटार मांडीवर आडवी ठेवून, पोलादी तारांवरून कांडी सरकवत त्यांनी राग वाजवले. पंडित शिवकुमार शर्मा आणि पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ साली आलेली त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका अनेक घरांत जपून ठेवलेली आहे. या दोहोंहून वेगळी अशी एक तिसरी गिटार आहे. तिला ‘क्लासिकल गिटार’ म्हणतात आणि तिचे आजचे रूप स्पेनमध्ये घडले.

या गिटारला नायलॉनच्या तारा असतात. वादक हातात नखी धरत नाही, उजव्या हाताच्या बोटांनीच तार छेडतो. डावा पाय छोट्या चौरंगासारख्या आधारावर ठेवून तो वाद्य छातीशी घेऊन बसतो. साथीला कोणी नसते. अंगठा खालचे खर्जाचे स्वर सांभाळतो, तर्जनी आणि मध्यमा मधले स्वर भरतात आणि अनामिका वरची धून गाते. एकाच माणसाच्या दोन हातांतून तीन आवाजांचा संवाद चालतो. तार घोडीजवळ छेडली तर स्वर धारदार निघतो, ध्वनिछिद्राजवळ छेडली तर मऊ. पियानोला खोली लागते, वाद्यवृंदाला सभागृह लागते. हे वाद्य मात्र झोपलेल्या घराला न जागवता रात्री माजघरात वाजवता येते. त्याची ओढ लागते ती येथेच.

या वाद्याच्या घडणीतही हाच अंतर्मुख स्वभाव दिसतो. आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या स्पॅनिश कारागिराने गिटारला आजचा आकार आणि तारेची सुमारे ६५० मिलिमीटर लांबी दिली. नाद मुख्यतः वरच्या पातळ फळीतून येतो, हे दाखवण्यासाठी त्याने १८६२ साली एक गिटार बनवली. तिची वरची फळी लाकडाची होती, पाठ आणि बाजू मात्र कागदाच्या लगद्याच्या. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. पुढे फ्रान्सिस्को तार्रेगा (१८५२–१९०९) यांनी बोटांचे तंत्र नीट बसवले आणि आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) यांनी ध्वनिवर्धकाचा आधार न घेता हे हळू बोलणारे वाद्य जगातील मोठमोठ्या सभागृहांत नेले.

सेगोव्हिया तरुण असतानाची एक हकिगत व्यापारी वाचकांना विशेष रुचेल. माद्रिदमधील कार्यक्रमासाठी चांगले वाद्य हवे, पण पदरी पैसे नाहीत, म्हणून ते मान्युएल रामिरेझ यांच्या दुकानात गिटार भाड्याने मागायला गेले. त्यांचे वादन ऐकून रामिरेझ यांनी ती गिटार त्यांना देऊनच टाकली. परतफेड पैशात करू नये, एवढीच अट घातली. ही हकिगत सेगोव्हियांनी आपल्या आत्मकथनात सांगितली आहे. १९१२ साली बनलेली ती गिटार आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्या दिवशीच्या विक्रीच्या वहीत रामिरेझ यांना काहीच मिळाले नाही, पण दुकानाचे नाव शतकानंतरही घेतले जात आहे.

अहिंसेचा विचार मानणाऱ्या कुटुंबाने तारांविषयीही जाणून घ्यावे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गिटारच्या वरच्या तीन तारा जनावरांच्या आतड्यापासून बनत आणि खर्जाच्या तारांच्या गाभ्यात रेशीम असे. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी आतड्याची मागणी वाढली आणि वादकांना तारा मिळेनाशा झाल्या. त्याच दशकात न्यूयॉर्कमधील आल्बर्ट ऑगस्टिन यांनी सेगोव्हियांच्या सहकार्याने नायलॉनच्या तारा तयार केल्या, आणि आज सर्वत्र त्याच वापरल्या जातात. मात्र तारा ज्यांवर टेकतात त्या दोन लहान पट्ट्या अनेक वाद्यांत हाडाच्या असतात. त्या कृत्रिम पदार्थाच्याही मिळतात. वाद्य घेताना एवढे विचारून घ्यावे.

आता अडचणींकडे वळावे, कारण या वाद्याची खरी परीक्षा तेथे आहे. पहिली अडचण स्वराची. गायक स्वर धरून ठेवू शकतो, बासरीवादकही. गिटारचा स्वर छेडल्या क्षणापासून विरू लागतो. विरणाऱ्या स्वरांची माळ अखंड गाण्यासारखी वाटावी, यातच वादकाचे कसब. तार्रेगा यांच्या ‘रेकुएर्दोस दे ला अलाम्ब्रा’ या प्रसिद्ध रचनेत अंगठा एक स्वर छेडतो आणि लगेच अनामिका, मध्यमा आणि तर्जनी एकाच तारेवर पाठोपाठ फिरतात. ऐकणाऱ्याला कारंज्याची अखंड धार वाटते. वाजवणाऱ्याला ती तीन बोटे सारख्या अंतराने आणि सारख्या जोराने पडावीत म्हणून वर्षानुवर्षे खपावे लागते.

दुसरी अडचण पडद्यांची. पियानोवर एक स्वर एकाच पट्टीवर असतो. येथे पहिल्या मोकळ्या तारेचा स्वर दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसऱ्या तारेच्या नवव्या आणि चौथ्या तारेच्या चौदाव्या पडद्यावरही सापडतो. कोणती जागा घ्यावी, याचा निर्णय प्रत्येक ओळीत करावा लागतो आणि तो चुकला की पुढचा स्वर बोटांच्या आवाक्याबाहेर जातो.

तिसरी अडचण अगदी साधी, नखांची. डाव्या हाताची नखे पूर्ण कापावी लागतात. उजव्या हाताची थोडी वाढवून, घासून गुळगुळीत ठेवावी लागतात. दुकानात गाठी सोडणाऱ्या, खोकी उघडणाऱ्या, शटर ओढणाऱ्या तरुणाचे नख सणासुदीच्या गर्दीत मोडले की पुढचे काही आठवडे स्वर बेसूर नसला तरी फिका पडतो.

आपल्याकडचा पावसाळा ही आणखी एक अडचण. या लाकडाला हवेतील साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणच्या पावसात फळी फुगते. म्हणून वाद्य पेटीत बंद ठेवावे, आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि उन्हात उभ्या गाडीत ते कधीही ठेवू नये. नायलॉनच्या तारांच्या वाद्यावर पोलादी तारा तर मुळीच चढवू नयेत. त्यांच्या ताणाने घोडी उखडू शकते. लहान मुलांसाठी अर्ध्या आणि पाऊण मापाची वाद्ये मिळतात, तीच घ्यावीत.

या सर्व अडचणींवर वेळ हाच उपाय आहे आणि व्यापारी घरात वेळेचाच हिशेब सर्वांत काटेकोर असतो. सहा महिन्यांनंतर पाहुण्यांसमोर मुलाला बसवले जाते आणि एखादे चित्रपटगीत वाजवायला सांगितले जाते. त्याला तोवर फेर्नांदो सोर यांचा एखादा लहानसा अभ्यासपाठ कसाबसा येत असतो. तो कोणी ओळखत नाही, टाळ्या पडत नाहीत आणि फी वाया गेली असा निष्कर्ष निघतो. मुलाचा हात वळत होता, फक्त त्याचे वळण अजून इतरांना ऐकू येत नव्हते. बहुधा अशाच वेळी गिटार कपाटावर चढते.

याच्या उलट टोकही आहे. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या श्रेणी-परीक्षा भारतातही होतात आणि त्यांचा उपयोगही आहे. पण प्रमाणपत्राच्या घाईने तासन्‌तास हात ताणणे घातक ठरते. अमेरिकी वादक डेव्हिड लाइसनर यांच्या उजव्या हाताची बोटे ऐन उमेदीत मेंदूच्या आज्ञेबाहेर गेली. या व्याधीमुळे त्यांचे वादन दहा वर्षांहून अधिक काळ विस्कळीत राहिले. स्नायूंचा वापर कसा होतो याचा स्वतः अभ्यास करून, हालचाल पुन्हा शिकून ते व्यासपीठावर परतले. हात दुखू लागला की थांबणे हाही अभ्यासाचाच भाग आहे.

म्हणून घराने दोनच गोष्टी सांभाळाव्यात. रोज अर्धा तास ठरलेल्या वेळी, दूरध्वनीच्या हाकेपासून मोकळा असा द्यावा. आणि पहिली दोन वर्षे त्या अर्ध्या तासाचे फळ मागू नये. चाळिशी उलटलेल्या गृहस्थालाही हेच लागू आहे. त्याला सभा जिंकायची नाही. दिवसभर भाव, उधारी आणि वसुली बोलून थकलेल्या कानांना स्वतःच्या बोटांतून निघालेला एक शुद्ध स्वर ऐकवायचा आहे, एवढेच. पेढीवरच्या प्रत्येक व्यवहाराला नफा-तोट्याचा रकाना असतो आणि तो असलाच पाहिजे. घरातल्या एका कोपऱ्याला मात्र असा रकाना नसावा. ज्या घरात मुलांना तसा कोपरा मिळतो, त्या घरातील मुले पुढे पेढीवर बसली तरी हळू बोललेले ऐकण्याची सवय विसरत नाहीत.