आई आहे तोवर तपासा



एप्रिल उजाडला की स्वमग्नतेवर लेख येतात आणि सोबतचा फोटो हमखास लहान मुलाचा असतो. ती मुलं मोठी होतात, लग्नात पंगत चुकवून गाडीत बसून राहतात, आणि गाव त्यांना घुम्या, तिरसट, माणूसघाणा म्हणून मोकळं होतं. मी त्यातलाच. इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा ब्रिक्स काढतो. मिलचा खडखडाट मला चालतो, तो रोज तसाच असतो; वरातीचा डीजे सोसत नाही. भाच्याच्या स्वमग्नतेच्या तपासणीचे फॉर्म भरताना लक्षात आलं, मी स्वतःचीच उत्तरं लिहितोय. बेचाळिसाव्या वर्षी पुण्यात माझी तपासणी झाली.

डॉक्टरांनी आधी विचारलं, आई आहे का? निदानासाठी लक्षणं बालपणापासूनची लागतात, आणि आमच्या पिढीचं बालपण कुठल्या कागदावर नाही, आईच्या आठवणीत आहे. सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेली आई एसटीने दोनदा पुण्याला आली. "बैलगाडीचं चाक फिरवत बसायचा, हाक मारली तरी वळायचा नाही," म्हणाली. त्या एका वाक्याने बरंच काम झालं. सगळ्यांच्या आया इतक्या थांबणार नाहीत.

1995च्या अपंगांसाठीच्या कायद्यातल्या सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ती आली. प्रमाणपत्रासाठीची 'इसा' ही भारतीय मोजपट्टी 40 मुद्द्यांची, 70 गुणांपासून स्वमग्नता धरतात. त्यात एकट्याने तोच तो खेळ खेळतो का, हेही बघतात. बेचाळिशीच्या माणसाने काय सांगावं? समोरच्याकडे बघून हसायचं असतं, हे त्याने एव्हाना घोकून पाठ केलेलं असतं.

"आता या वयात कळून उपयोग काय?" असं पाहुणे विचारतात. सवलती मला नकोत. शिफ्ट आयत्या वेळी बदलू नका, काम तोंडी न सांगता लिहून द्या, एवढं म्हणायलाही हाती कागद लागतो.

बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे महिन्यातला एक ठरलेला दिवस प्रौढांच्या तपासणीसाठी जाहीर करावा. बाजाराचा दिवस तेवढा टाळावा. प्रश्न मराठीत असावेत, आणि म्हाताऱ्या आईला बोलतं करणारं माणूस तिथे असावं. नाव नोंदवायची सोय फोनशिवायही ठेवावी. फोन आमच्यातल्या कित्येकांना उचलवत नाही.

– एक वाचक, ता. इंदापूर
(नाव संपादकांकडे)