पहारेकऱ्याआधी परवाना

रणांगणावरील जवानाला शत्रूच्या तोफांपासून जपावे लागते, हे कोणालाही समजते. परंतु त्याच्याच हातातील मोबाइलपासून त्याला वाचविण्याची पाळी युक्रेनवर आली. पाव्लो पेत्रिचेंको या सार्जंटने मार्च २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षांकडे अर्ज केला. घरादारापासून दूर, सतत ताणाखाली असलेले जवान ऑनलाइन जुगाराच्या नादी लागून कर्जबाजारी होत आहेत, त्यांना आवरा, असे त्यात म्हटले होते. आवश्यक त्या २५ हजार स्वाक्षऱ्या पाहता पाहता जमल्या. १५ एप्रिलला पेत्रिचेंको रणांगणावर धारातीर्थी पडले. २० एप्रिलला राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी जवानांच्या जुगारावर निर्बंध घालणारा आदेश काढला.

ही वेळ का आली? सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर युक्रेनमध्ये गल्लोगल्ली जुगारयंत्रे उभी राहिली. मे २००९ मध्ये द्नेप्रोपेत्रोव्स्क येथील अशाच एका यंत्रगृहाला आग लागून ९ जणांचा बळी गेला आणि त्याच वर्षी संसदेने जुगारावर सरसकट बंदी घातली. बंदीने जुगार संपला नाही; त्याने लॉटरीची पाटी लावली आणि धंदा चालू ठेवला. सरकारच्या तिजोरीत काही येत नव्हते, आणि कायद्याचा धाकही उरला नव्हता.

म्हणून २०२० मध्ये जुगार कायदेशीर करण्यात आला. कागदावर हा कायदा कडक होता. खेळणाऱ्यास किमान वय २१ वर्षे, कॅसिनो केवळ ठरावीक ठिकाणीच, परवान्यांसाठी स्वतंत्र आयोग आणि प्रत्येक डावाची नोंद ठेवणारी सरकारी ऑनलाइन देखरेख यंत्रणा, अशा त्याच्या अटी होत्या. मात्र परवाने वाटले गेले, जाहिरातींचा पूर आला आणि ती देखरेख यंत्रणा २०२४ उजाडले तरी कार्यान्वित झाली नव्हती. पहारेकरी नेमण्यापूर्वीच दार उघडले गेले! अखेर डिसेंबर २०२४ मध्ये संसदेने जाहिरातींवर कडक निर्बंध घातले आणि तो आयोगच मोडीत काढण्याचा निर्णय घेतला.

जुगाराला मान्यता देऊन त्यावर अंकुश ठेवण्याची कल्पना नवी नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नेमला. द्यूत एकाच नियत ठिकाणी चालावे, अन्यत्र खेळणाऱ्यास दंड व्हावा आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा ५ राजाला मिळावेत, असे त्याने सांगितले. त्यात महसूल होता. पण त्याआधी अध्यक्षाची नजर होती. युक्रेनने हा क्रम उलटा केला.

बंदी असो वा परवानगी, तिच्यामागे जागरूक शासन नसेल तर दोन्ही निष्फळ ठरतात. जुगारातून मिळणारा कर तिजोरीत मोजता येतो. उद्ध्वस्त घरांची मोजदाद मात्र कोणत्याच अंदाजपत्रकात होत नाही. हे सत्य राज्यकर्त्यांना एका सार्जंटने दाखवून द्यावे लागले, हा युक्रेनच्या अनुभवातील सर्वांत कटू धडा होय.