आधी प्रश्न ओळखायला शिकवा

कर्नाटकातल्या औराद, भालकी, बसवकल्याण किंवा आळंद तालुक्यातला मराठी माध्यमाचा विद्यार्थी स्पर्धा परीक्षेतल्या बुद्धिमत्तेच्या प्रश्नांवर अडला की त्याला आणखी सराव संच सोडवायला सांगतात. माझ्या मते दुखणे वेगळे आहे. नेमके काय विचारले आहे, हेच त्याने ओळखलेले नसते. ‘परीक्षेला वेळेत पोहोचायचे असेल, तर भालकीहून पहिली बस पकडा’ हे विधान घ्या. ‘पहिली बस वेळेत पोहोचते’ हे त्यामागचे गृहीतक आहे. ते नाकारले तर सल्ल्याला अर्थच उरत नाही. पण निष्कर्ष विचारला असेल, तर हेच वाक्य चुकीचे ठरते. कुणी सल्ला दिला म्हणून बस वेळेत पोहोचते, असे सिद्ध होत नाही. गृहीतक विधानाच्या आधीचे, निष्कर्ष त्यानंतरचा. ‘बसफेऱ्या वाढवाव्यात’ असा पर्याय आला, तर ती कार्यवाही. तिथे अडचण दूर होते का आणि उपाय व्यवहार्य आहे का, हे पाहायचे.

परीक्षेत इतका विचार करायला वेळ कुठे असतो, असे शिकवणीचे वर्ग म्हणतील. कर्मचारी निवड आयोगाच्या जीडी कॉन्स्टेबल परीक्षेत 60 मिनिटांत 80 प्रश्न असतात, त्यांतले 20 बुद्धिमत्तेचे. म्हणूनच हा फरक आधी मुरलेला हवा. इतर प्रकारांतही तेच: समसंबंधात पहिल्या जोडीतले नाते दुसऱ्या जोडीला लावायचे असते, तर वर्गीकरणात सर्वांतला समान गुण शोधून तो नसलेला घटक वगळायचा असतो. हे न उमगता केलेल्या हजार प्रश्नांच्या सरावाने घाईच तेवढी वाढते.

ही जाण मराठीतून द्यायला हवी. जीडीची परीक्षा 2024 पासून मराठी आणि कन्नडसह 13 प्रादेशिक भाषांत होते. कर्नाटक लोकसेवा आयोगाची प्रश्नपत्रिका मात्र कन्नड आणि इंग्रजीत असते, मग मराठीचा आग्रह कशाला, हा आक्षेप रास्त आहे. राज्यघटनेच्या कलम 371 (जे) खाली या भागाला असलेल्या स्थानिक आरक्षणाचा राज्याच्या नोकरीत लाभ घ्यायचा तर कन्नड पक्की हवीच. पण ऑगस्ट 2024 मध्ये याच आयोगाच्या 384 पदांच्या पूर्वपरीक्षेत कन्नड भाषांतराच्या चुका इतक्या निघाल्या की सरकारने फेरपरीक्षा घ्यायला लावली. शब्द थोडा हलला तरी प्रश्न बदलतो, आणि ज्याला प्रश्नाची जात ठाऊक नाही त्याला ते कळतही नाही. गृहीतक आणि निष्कर्ष यांतला फरक मुलाला घरच्या भाषेत एकदा समजला, की कन्नडमध्ये त्याला फक्त त्यांचे शब्द शिकावे लागतात. सीमाभागातल्या मराठी शाळांनी नववीपासून आठवड्याचा एक तास यासाठी राखावा, आणि त्यात एकाच विधानावर गृहीतक, निष्कर्ष आणि कार्यवाही अशा तिन्ही प्रकारचे प्रश्न मुलांकडूनच तयार करून घ्यावेत.