दोष शोधण्याची रीत

आपल्या जिल्ह्यांत कांहीं घरीं वडिलांच्या वेळची जावा मोटारसायकल अद्याप जपून ठेविलेली आढळते. म्हैसूरच्या कारखान्यांत १९६१ सालीं हिची निर्मिति सुरू झाली. जुन्या जावाची ठिणगी ६ व्होल्टच्या बॅटरीवरच अवलंबून असते. म्हणून डायनॅमोचें चार्जिंग थांबलें, कीं कांहीं वेळानें दिव्याबरोबर इंजिनहि बंद पडतें, आणि गृहस्थ रात्रीं दारव्ह्याच्या रस्त्यावर अडकतो.

चार्जिंग कधीं होतें, कधीं होत नाहीं, असें झाल्यास पुष्कळ जण प्रथम बॅटरीच बदलतात. हें निदान नव्हे. येथें न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेक उपयोगीं पडतो: जें असतां दोष असतो व जें नसतां दोष नसतो, तें कारण.

इंजिन मध्यम गतीनें चालवून बॅटरीला व्होल्टमीटर लावावा. कांटा सातच्या आसपास असतां हँडल वळवावें, एकेक वायर हालवावी. जिच्या हालण्यानें कांटा पडेल, तिचा सांधा घासून घट्ट करावा. अर्थिंगची वायर विसरूं नये. सांधे निर्दोष ठरले, तर डायनॅमोचे कार्बन ब्रश झिजले कीं खोबणींत अडकतात, तें पाहावें. रेग्युलेटरला हात सर्वांत शेवटीं.

एका वेळीं एकच वस्तु बदलावी. दोन बदलल्यास गाडी कदाचित् सुधारेल. कारण मात्र कळणार नाहीं.