कारागीर म्हणजे माध्यम नव्हे

गेल्या हिवाळ्यात मुंबईतील एका कलादालनात जाण्याचा योग आला. एका तरुण चित्रकाराच्या, आजच्या परिभाषेत ‘समकालीन कलावंता’च्या, प्रदर्शनाचा वृत्तपत्रांतून बराच बोलबाला झाला होता. हातमागावर विणलेली, नीळ आणि मंजिष्ठेच्या रंगांतली मोठमोठी वस्त्रे भिंतींवर टांगलेली होती. ती देखणी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर अर्थशास्त्राच्या निवृत्त मास्तराला कलेतले काय कळते, असा आक्षेप यायचा. प्रत्येक वस्त्राशेजारी एक पाटी होती. तिच्यावर कलावंताचे नाव, कृतीचे शीर्षक, वर्ष, आणि शेवटी ‘माध्यम’ : हातविणीचे सुती कापड, नैसर्गिक रंग, हाताने भरलेली किनार. हे विणले कोणी, असे मी तेथील मुलीला विचारले. “आमच्या कारागिरांनी, सर,” तिने आदबीने सांगितले. कोणत्या गावचे? किती जण? तिला ठाऊक नव्हते, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता. सूत, नीळ आणि विणकर हे तिघेही तिच्या हातातील पत्रकात एकाच रकान्यात बसवलेले होते.

कारागिराविषयी आदर व्यक्त करण्यात आपला देश कधीच कमी पडलेला नाही. परंपरेचे वारसदार, संस्कृतीचे वाहक, हातांत जादू असलेले लोक, अशी विशेषणे सरकारी पुस्तिकांपासून श्रीमंती नियतकालिकांपर्यंत सर्वत्र सांडलेली असतात. आदराला पैसे पडत नाहीत. प्रश्न आहे तो मूल्याचा. विणकराला मजुरी मिळते ती वारावर किंवा नगावर. तयार कृतीला किंमत येते ती सहीवर. पहिली रक्कम एकदाच मिळते आणि संपते. दुसरी मात्र कलावंताची कीर्ती वाढेल तशी, कृती एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे जाईल तशी, वाढतच राहते. या वाढीत कारागिराचा हिस्सा शून्य असतो. त्याच्या कौशल्यावाचून जी वस्तू अस्तित्वातच आली नसती, तिच्या भाववाढीत त्याला वाटा नसावा, हे कोणत्या न्यायाने? गेली काही वर्षे हस्तकला आणि आधुनिक कला यांच्या ‘संवादा’विषयी जे लिहिले जाते, त्यात हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आपल्या पक्षाच्या व्यासपीठावरूनही तो विचारला गेल्याचे मला स्मरत नाही.

कोल्हापुरी चपलेचे प्रकरण वाचकांच्या स्मरणात असेल. जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला मंचावर आणल्या, आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. महाराष्ट्रात गदारोळ झाला. राष्ट्राभिमान, मराठी अस्मिता, सगळे जागे झाले. कंपनीने ऋण मान्य केले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन सुमारे ८०० युरो दराने २,००० जोड बनवून विकण्याचे जाहीर झाले, आणि आपण जिंकलो असे समजून मंडळी घरी गेली. साधा गुणाकार केला तर ही विक्री १६ लाख युरोंची होते. त्यांतले बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडे कमावणाऱ्या ढोराच्या हाती किती पडणार, आणि घरात बसून चामड्याची वेणी घालणाऱ्या बाईच्या हाती किती? चपलेवर नाव कोल्हापूरचे पडले, हे ठीक झाले. पण कोल्हापूर चपला शिवत नाही. त्या शिवणाऱ्या माणसांना जात आहे, कर्ज आहे, पाठदुखी आहे.

परक्या कंपनीवर राग काढणे मात्र फार सोपे असते. आपल्याच घरातील व्यवहार पाहणे अवघड. जानेवारी २०२२ मध्ये पॅरिस येथे दिओरच्या वस्त्रप्रदर्शनासाठी माधवी आणि मनू पारेख या आपल्या नामवंत चित्रकार दाम्पत्याच्या चित्रांवरून भव्य भरतकामाचे पडदे तयार करण्यात आले. ते मुंबईतील कार्यशाळेत भरले गेले. चित्रकारांची नावे सर्वत्र झळकली, आणि ते योग्यच झाले. भरतकाम करणारे मात्र बहुतेक बातम्यांतून आकड्यांच्या रूपाने भेटले : इतके शे कारागीर, इतके लाख तास. मी आयुष्यभर श्रमाचे अर्थशास्त्र शिकवले. श्रमाच्या तासांची गणती एखाद्या मालाची शोभा म्हणून मिरवली जाते, हे पाहून मार्क्ससुद्धा चकित झाला असता. तासांची संख्या जाहिरातीत असते. तासाचा दर कोठेही नसतो.

यावर ठराविक उत्तर असे येते की, कल्पना कलावंताची, कारागीर केवळ ती उतरवतो. तेव्हा कर्तृत्व कल्पनेचेच. ज्याने माग जवळून पाहिला आहे तो असे बोलणार नाही. कागदावरील जलरंगाचे चित्र आपोआप कापडावर येत नाही. बनारसला हे काम करणारा नक्षाबंद नावाचा स्वतंत्र कसबी असे. चित्रातील प्रत्येक वळणाचे ताण्याबाण्याच्या मोजणीत रूपांतर करून तो दोऱ्यांचा नक्षा बांधी, आणि मग माग चाले. कोणती रेषा सोडायची, कोणती जाड करायची, रंग कोठे तोडायचा, हे निर्णय तोच घेई. पैठणीच्या पदरावर एकेका रंगाची वेगळी कांडी फिरवीत मोर उभा करणारा येवल्याचा विणकर हेच करतो. हे निर्णय कल्पना नव्हेत काय? चित्रपटाच्या शेवटी प्रकाशयोजनाकारापासून चहा देणाऱ्या पोऱ्यापर्यंत नावे येतात, म्हणून दिग्दर्शकाचे कर्तृत्व कमी झाले असे कोणी म्हणत नाही. मग कलादालनाच्या पाटीवरच जागा का अपुरी पडते?

सारेच कलावंत सारखे नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. मीरा मुखर्जी यांनी बस्तरमध्ये जाऊन घडवा कारागिरांच्या हाताखाली मेणाच्या साच्यातील ओतकाम शिकून घेतले, आणि पुढे देशभरच्या धातुकारागिरांवर पुस्तक लिहून १९७८ साली ते प्रसिद्ध झाले. त्यांनी जे घेतले त्याचा हिशेब लिहून ठेवला. शिकणे आणि राबवून घेणे यांतला फरक त्यांना कळत होता.

आणखी एक जुना हिशेब आहे, तोही विसरला गेला आहे. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने विणकर सेवा केंद्रे काढली आणि विणकरांना नवे आकृतिबंध मिळावेत म्हणून तेथे चित्रकारांच्या नेमणुका केल्या. आपले प्रभाकर बरवे १९६०नंतर बनारसच्या केंद्रात होते, नंतर मुंबईच्या; के. जी. सुब्रमण्यन यांनीही हातमाग मंडळात काम केले. ज्या काळात आधुनिक चित्राला गिऱ्हाईक नव्हते, त्या काळात अनेक आधुनिक चित्रकारांच्या घरची चूल हातमागाच्या नावाने मंजूर झालेल्या पैशावर पेटली. यात गैर काहीच नव्हते, धोरण चांगलेच होते. पण कलावंताने कारागिराला ‘वर काढले’ असे जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा वहीचे दुसरे पानही उलटून पाहावे. त्या चित्रकारांच्या कृती आज लिलावात काय भावाने जातात ते सर्वांना माहीत आहे. हातमागाच्या चौथ्या गणनेनुसार (२०१९-२०) देशात सुमारे ३५ लाख विणकर व सहायक कामगार होते, आणि त्यांच्यापैकी दोन-तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत होते.

आता वारलीकडे वळतो, कारण ते आपल्या अंगणातले आहे. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात लग्नाच्या वेळी सुवासिनी कुडाच्या, शेणाने आणि गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. त्यात पालघाट देवी बसे, धवलेरी गाणी म्हणे, आणि त्यावाचून लग्न लागत नसे. भास्कर कुलकर्णी या आपल्या चित्रकाराने गंजाडला राहून ही कला कागदावर आणली. तो माणूस निरिच्छ होता, त्याच्याविषयी वावगा शब्द काढण्याचे कारण नाही. जिव्या सोमा म्हसे यांची प्रतिभा जगाने ओळखली. २००३ साली जर्मनीत रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या बरोबरीने त्यांचे प्रदर्शन झाले, २०११ साली पद्मश्री मिळाली. येथे एक आदिवासी माणूस माध्यमाच्या रकान्यातून उठून कर्त्याच्या रकान्यात बसला. हे घडू शकते, एवढे त्यावरून सिद्ध होते. पण बाजाराला एक नाव पुरले. ज्या बायकांच्या हातून ही लिपी आली त्या बहुतेक निनावी राहिल्या.

या चित्रांपुढे उभे राहून ‘निरागस आदिम आनंद’ वगैरे बोलणाऱ्यांना मला एक आठवण द्यावीशी वाटते. ज्या लग्नासाठी हा चौक लिहिला जाई, त्याच लग्नासाठी वारली तरुण जमीनदाराकडून कर्ज काढी, आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, नवराबायको त्याच्या घरी व शेतावर राबत. याला लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ते सारे लिहून ठेवले आहे. त्यांचा पक्ष वेगळा आणि आपले मतभेद जुने. पण १९४५ साली लग्नगडी आणि वेठ मोडायला त्या आणि शामराव परुळेकर तेथे उभे राहिले, हे मान्य करण्यात कसला कमीपणा? सांगायचे असे की, त्या पांढऱ्या रेषांच्या मागे वेठीचा इतिहास आहे. तो पुसून रेषा तेवढ्या उचलल्या गेल्या. पडद्यांवर, कपांवर, विमानतळांच्या भिंतींवर गेल्या. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली खरी, पण तो कायदा नावाचे रक्षण करतो. नाव न घेता रेषा छापणाऱ्याला त्याने आवर बसत नाही. प्राडाने कोल्हापुरी हे नाव वापरले नव्हते, हे येथे लक्षात घ्यावे.

प्रताधिकाराचा कायदाही पाहण्यासारखा आहे. १९५७च्या या कायद्याच्या व्याख्येत ‘कलात्मक कारागिरीची कृती’ ही कलाकृती म्हणून मान्य केलेली आहे. पुढे कलम ५३-अ येते. मूळ चित्र, शिल्प किंवा रेखाटन दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या किमतीत मूळ कर्त्याला जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळण्याची तरतूद त्यात आहे. साहित्यकृतीच्या हस्तलिखितालाही तो हक्क आहे. कारागिरीची कृती मात्र या यादीतून गळली आहे. व्याख्येत दारातून आत घेतलेला पाहुणा जेवणाच्या पंगतीत दिसत नाही. शिवाय हा हक्क ज्याच्याकडे कृतीची पहिली मालकी असेल त्यालाच. आणि नोकरीत असताना केलेल्या कामाची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, कायद्याने मालकाची. चित्रकारांनाही हा वाटा प्रत्यक्षात मिळत नाही, हे मला मान्य आहे. पण न मिळणारा हक्क मागता येतो, त्यासाठी भांडता येते. कारागिराला भांडायला कलमच नाही.

कोणी म्हणेल, यासाठी सरकारी मंडळे आहेत. होती. १९५२ साली अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळ स्थापन झाले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय त्याच्या अध्यक्षा झाल्या. कमलादेवी म्हणजे काँग्रेस समाजवादी पक्षाच्या पहिल्या फळीतील नेत्या, आपल्या परंपरेतल्या. ऑगस्ट २०२० मध्ये, टाळेबंदीने कारागिरांची उपासमार चालू असताना, केंद्र सरकारने ते मंडळ गुंडाळले. त्याआधी आठवडाभरात हातमाग मंडळही. आपल्या पक्षाने एक पत्रक काढले असेल, नसेल. कमलादेवींची जन्मतिथी मात्र आपण पाळतो.

मंडळ जागच्या जागी असते तरी सर्व सुरळीत झाले असते, असा माझा दावा नाही. कच्च्या मालाचेच पाहा. २०१५ साली महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि कातड्याच्या धंद्यावर कुऱ्हाड पडली. धारावीतील चर्मकारांना घेऊन सुधीर राजभर या कलावंताने जुन्या रबरापासून पिशव्या आणि आसने बनवण्याचा उद्योग काढला, आणि ज्या जातिवाचक शब्दाने हिणवले जाते तोच त्याला नाव म्हणून दिला. हिंमतीचे काम आहे. पण परंपरागत माल सरकारने हिरावून घ्यायचा आणि कलावंताने पर्याय शोधायचा, ही काही व्यवस्था म्हणता येणार नाही. त्या कायद्याविरुद्ध चर्मकारांच्या बाजूने रस्त्यावर उतरणे हे कलावंताचे नव्हे, आपले काम होते.

एक गैरसमज टाळला पाहिजे. बलुतेदारीचे गोडवे मला गायचे नाहीत. त्रिं. ना. आत्र्यांचा ‘गावगाडा’ वाचलेल्या कोणालाही ती कशी चाले ते माहीत आहे. खळ्यावरचा वाटा चांभाराला अपमानासकट घ्यावा लागे. पण तो वाटा होता. अपमान काढून वाटा राखायचा, हा आपला कार्यक्रम असायला हवा होता. प्रत्यक्षात वाटा गेला, मजुरी आली, आणि अपमान ‘सन्मान’ या नावाने शिल्लक राहिला.

करता येण्याजोग्या गोष्टी आहेत आणि त्यांना संशोधन-समिती लागत नाही. कोल्हापूर, सोलापूर, येवला, पैठण, डहाणू येथील आपल्या शाखांनी कलावंत, दुकाने आणि निर्यातदार कारागिरांशी जे व्यवहार करतात त्यांची माहिती गोळा करावी. बहुतेक ठिकाणी कागदच नसतो असे आढळेल. लेखी करार ही पहिली मागणी. सार्वजनिक पैशाने जी संग्रहालये, विद्यापीठे आणि महामंडळे कलाकृती विकत घेतात, त्यांनी कारागिरांची नावे कर्त्यांत नोंदल्याशिवाय खरेदी करू नये. कलम ५३-अ मध्ये कारागिरीची कृती समाविष्ट करण्याचे अशासकीय विधेयक मांडायला संसदेत आपल्याला एक सदस्य पुरतो.

आणि प्रारंभ घरापासून. पक्षाच्या मागील अधिवेशनात व्यासपीठामागे तारप्याभोवती फेर धरलेल्या वारली आकृतींचे फ्लेक्स लावले होते. याच साप्ताहिकाच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरही तशाच आकृती होत्या. त्या कोणी काढल्या, कोठून घेतल्या, काढणाऱ्याला मानधन किती दिले, हे संपादकांनी पुढील अंकात छापावे, अशी माझी विनंती आहे.