बंब येण्याआधी

उसाचा उभा फड पेटला की काय धावपळ होते, हे कर्नाटकातल्या बोरगाव परिसरात कुणाला सांगावे लागत नाही. लोंबकळणाऱ्या वीजतारा वाऱ्याने एकमेकींना घासतात आणि ठिणगी वाळल्या पाल्यावर पडते. कुणी वायरमनला फोन लावतो, कुणी लिंबाचे डहाळे घेऊन धावतो, कुणी पुढच्या सऱ्या तोडून आगीची वाट अडवतो. कुणाचा तरी पाण्याचा टँकर ट्रॅक्टरला जोडून आणला जातो. निपाणीहून बंब पोचेपर्यंत बरेचदा फडाची राख झालेली असते. बंबावरच्या जवानांना बोल लावण्यात अर्थ नाही. अंतर मोठे, रस्ते अरुंद, आणि गळीत हंगामात त्याच रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. ग्रामीण भागात 20 मिनिटांत मदत पोचावी, असा देशपातळीवरचा निकष सांगितला जातो. तो लिहिणाऱ्यांनी ही रांग पाहिलेली नसावी.

तेव्हा आगीपाशी पहिला पोचणारा माणूस गावातलाच असणार, हे एकदाचे मान्य करून त्याला शिकवले पाहिजे. आणि सुरुवात बंबाच्या व रुग्णवाहिकेच्या चालकापासून व्हायला हवी.

आपल्या कायद्याची गंमत पाहा. ज्वलनशील रसायनाचा टँकर चालवायचा असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि परवान्यावर तशी नोंद लागते. रुग्णवाहिकेचे काय? साडेसात टनांखालचे व्यावसायिक वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. बहुतेक रुग्णवाहिका याच वजनात बसतात. म्हणजे मोटारीचा परवाना असलेला कुणीही उद्या सायरन लावून रुग्ण नेऊ शकतो. सायरनच्या गाडीला वाट न देणाऱ्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, सिग्नल आणि वेगमर्यादा ओलांडण्याची सवलत त्या गाडीला आहे; ती सवलत वापरायची कशी, हे चालकाला कुणी शिकवायचे? 108 सेवेत निदान काही प्रशिक्षण असते. गावोगावच्या देणगीतून आलेल्या रुग्णवाहिकांवर मात्र जो रिकामा सापडेल तो बसतो.

बंबाचे काम त्याहून अवघड. 4,500 लिटर पाणी म्हणजे साडेचार टन वजन. टाकी अर्धी भरलेली असेल तर वळणावर ते पाणी एका अंगाला धावते आणि गाडी आडवी करते. जागेवर पोचल्यावर चालकाचे काम संपत नाही, तिथे ते सुरू होते. गाडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि परतीच्या वाटेकडे तोंड करून उभी करायची, इंजिनाची ताकद चाकांकडून पंपाकडे वळवायची, होजमधला दाब राखायचा. दूधगंगा नदीतून पाणी ओढायचे तर पंप पाण्याच्या पातळीपासून सातेक मीटरपेक्षा उंच ठेवून चालत नाही. आणि हेस्कॉम या वीज कंपनीने तार बंद केल्याची खात्री झाल्याशिवाय पाण्याचा फवारा तिच्या जवळ न्यायचा नाही. यातली एकही गोष्ट धावपळीत सुचत नाही. ती आधी हाताला बसावी लागते.

जर्मनीतल्या खेड्यांत आग विझवतात ते सुतार, शेतकरी, दुकानदार. पण गणवेश चढवण्याआधी त्यांना किमान 70 तासांचे मूलभूत शिक्षण मिळते, आणि गाडी व पंप सांभाळणाऱ्याला आणखी 35 तासांचे. इंग्लंडमध्येही केंद्रापासून काही मिनिटांवर राहणारे किंवा काम करणारे लोक बोलावणे आले की हातातले काम टाकून निघतात, आणि त्यांना त्याचा मोबदला मिळतो. फुकटच्या सेवाभावावर आपली यंत्रणा फार दिवस चालणार नाही.

आपल्याकडे पायाच नाही असे नाही. 'आपदा मित्र' योजनेत गावकऱ्यांना 12 दिवसांचे प्रशिक्षण मिळाले. राज्यांच्या अग्निशमन दलांसाठी केंद्राने 2023 मध्ये 5,000 कोटींची योजना आणली. बंगळुरूत बन्नेरघट्ट्याला राज्याची अग्निशमन अकादमी आहे, नागपूरला 1956 साली स्थापन झालेले राष्ट्रीय महाविद्यालय आहे. मात्र ट्रॅक्टर चालवणारा पोरगा महिनाभर बंगळुरूला जाणार नाही. अकादमीचे दोन प्रशिक्षक आणि एक बंब बोरगावात यायला हवा. शिकवणी कन्नडबरोबर मराठीतही हवी. धुरात उभ्या माणसाला भाषांतर करायला सवड नसते.

अडचण आणखी एक आहे. कर्नाटकात अग्निशमन हे राज्याचे खाते, तर पलीकडे महाराष्ट्रातल्या इचलकरंजीत ते महापालिकेचे. आग इकडची असो वा तिकडची, दोन्ही दलांनी वर्षातून एकदा तरी एकत्र सराव करावा, एकमेकांचे होज जुळतात का ते पाहावे. दरवर्षी 14 एप्रिलला 1944 च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या 66 अग्निशमन जवानांना आदरांजली वाहिली जाते, आठवडाभर शाळांत प्रात्यक्षिके होतात, फोटो छापून येतात. त्याच आठवड्यात हा सराव ठेवायला कुणाची हरकत असणार?

साखर कारखान्यांचे टँकरचालक, पंचायतीचे पाणीपुरवठा कर्मचारी, रुग्णवाहिकांवरचे चालक यांची पहिली तुकडी पट्टण पंचायतीने निवडावी. जागा आणि टँकर तिने द्यावेत, प्रशिक्षण राज्याच्या खात्याने. त्यांचा विमा उतरवावा आणि प्रत्येक हाकेचा मोबदला ठरवून द्यावा. येत्या हंगामात कारखान्यांच्या बॉयलरचे अग्निप्रदीपन होण्याआधी हे झाले पाहिजे.