कुपीमागचे जीव

2020 साली नागपूर परिसरातून वीस लाल तोंडाची माकडं पकडून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत नेली. त्यातल्या बहुतेकांना आधी कोव्हॅक्सिन टोचली, मग सगळ्यांना मुद्दाम करोनाचा विषाणू दिला. पुढच्या वर्षी जूनमध्ये या लशीत वासराचं सीरम असल्याचा गवगवा झाला. केंद्र सरकारने खुलासा केला की पेशी वाढवताना सीरम वापरतात, तयार लशीत ते नसतं.

खुलासा खरा होता. मांसाचा अंश पोटात जाऊ नये एवढंच पाहणाऱ्या माळकरी किंवा जैन घरांना तो पटण्यासारखाही होता. पण ज्याने दूध, तूप, मधसुद्धा सोडलं, त्या व्हीगन माणसाचं कुपीत काय उरलं याने समाधान होत नाही. ती भरेपर्यंत कुणाचे हाल झाले, हे तो विचारतो. ही शंका हसण्यावारी नेऊ नये.

मात्र आपल्या बालाघाट, लांजी, बैहरच्या माणसापुढे हा पेच उभा राहतो तो बहुधा कुत्रं चावल्यावर, आणि तेव्हा विचार करत बसायला सवड नसते. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ जुन्या लोकांना अजून आठवतात. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. जिवंत मेंढीच्या मेंदूत विषाणू सोडायचा, ती आजारी पडली की मारून मेंदू वाटायचा. ही लस घेतलेल्या काही माणसांना लकवाही होत असे. भारतात ती 2004 च्या अखेरीस बंद झाली. आता सरकारी दवाखान्यांत लस बहुधा दंडाच्या कातडीत टोचतात, शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस या दिवशी, आणि पुष्कळ कुप्यांवर ‘व्हेरो सेल’ असं छापलेलं असतं. लस बनवण्यासाठी लागणाऱ्या या पेशी 1962 मध्ये जपानमध्ये एका आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून काढल्या. त्या वाढतच राहतात, त्यामुळे दर वेळी नवं माकड लागत नाही.

इथे मला दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. त्या माकडाचं ऋण जुनं आहे. आज लस नाकारून ते फिटत नाही. वासराच्या सीरमचं तसं नाही, ते ताज्या रक्तातूनच काढावं लागतं. खोल चाव्यासाठी दिलं जाणारं घोड्याच्या रक्तातलं सीरमही तसंच. त्याला पर्याय मात्र आला आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने घोड्याशिवाय बनणारं प्रतिपिंडाचं औषध बाजारात आणलं.

आणि लशीने जनावरं किती वाचवली, हेही मोजलं पाहिजे. बुळकांडीने एके काळी गोठेच्या गोठे ओस पाडले. तिची जुनी लस बकऱ्यांच्या शरीरात वाढवत, म्हणजे तिथेही जीव गेलेच. तरी लसीकरणाच्याच बळावर 2011 मध्ये ती जगातून संपल्याचं जाहीर झालं. कान्हाच्या जंगलाभोवतालच्या गावांत गुरांना लस टोचली, तर रानातले गवे आणि चितळही रोगापासून सुरक्षित राहतात. प्राण्यांवर माया असलेल्या माणसाला हे नजरेआड करता येणार नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. व्हीगन माणसाने लस घ्यावी, आणि मुलांच्या बाबतीत तर मुळीच मागेपुढे पाहू नये, कारण व्रत आईबापांनी घेतलंय, लेकराने नाही. इंग्लंडच्या व्हीगन सोसायटीनेही आपल्या व्याख्येत शक्य आणि व्यवहार्य असेल तिथवर एवढीच मर्यादा घातली आहे. पण दंड पुढे केला म्हणजे आपलं काम झालं, असं मी मानत नाही. सीरमविना व्हेरो पेशी वाढवण्याचं तंत्र आज आहे. नव्या औषधांच्या चाचण्यांत प्राण्यांऐवजी इतर पद्धती वापरायला 2023 च्या नियमदुरुस्तीने वाट करून दिली आहे. सरकार लशी कोट्यवधींनी विकत घेतं. त्या खरेदीच्या निविदेत सीरमविना बनलेल्या लशीला पहिली पसंती द्या, ही मागणी आपण बालाघाटच्या खासदारांकडे लेखी करायला हवी.